निळ्या पाण्यात न दिसणारी गळती

औषधाच्या वेष्टनाबद्दल बाजारातून तक्रार येत नाही, म्हणजे वेष्टन नीट बंद होतंय, असं मानणारी माणसं औषधउद्योगात आजही पुष्कळ आहेत. ती बेजबाबदार नसतात. वर्षानुवर्षं माल बाहेर जातो, परत येत नाही, बॅचच्या कागदावर ‘लीक टेस्ट – ठीक’ अशी सही पडत राहते. मग शंका घ्यायची कशाला? माझं म्हणणं असं की वेष्टनाच्या बाबतीत तक्रार न येणं हा कसलाच पुरावा नाही, आणि एवढं मान्य केलं तर सील तपासण्याची आपली रीत मुळापासून बदलावी लागते.

तक्रार का येत नाही ते आधी पाहू. गोळ्यांच्या पट्टीत पावसाळ्याची दमट हवा शिरली आणि औषधाचा जोर ओसरला, तर रुग्णाला काय कळतं? ताप उतरला नाही, एवढंच. तो डॉक्टर बदलतो, डॉक्टर औषध बदलतो, आणि अर्धी उरलेली पट्टी घरातल्या डब्यात पडून राहते. इंजेक्शनच्या कुपीत जिवाणू शिरले आणि अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात संसर्ग झाला, तर संशय घ्यायला तिथं अनेक जागा असतात: सलाइनची नळी, कॅथेटर, परिचारिकेचे हात, रुग्णाची आधीच खालावलेली प्रकृती. रिकामी कुपी तोवर कचऱ्यात गेलेली असते. आतला माल चुकीचा असेल तर निदान प्रयोगशाळेत तो पकडता तरी येतो. सील गळत होतं हे सांगणारा पुरावा मात्र औषध वापरताना आपणच फोडून टाकतो.

मग असे दोष उघडकीला येतात तरी कसे? बहुतेक वेळा जंतू अनोळखी निघाला म्हणून. २०२३ च्या आरंभी अमेरिकेत डोळ्यांत घालायच्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांवरून मोठं प्रकरण झालं. एझ्रीकेअर या नावाने विकले जाणारे हे थेंब चेन्नईच्या ग्लोबल फार्मा हेल्थकेअर कंपनीने बनवलेले होते. १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, चौघांचा मृत्यू झाला, चौदा जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढून टाकावा लागला. जिवाणू होता स्यूडोमोनास, जवळजवळ कुठल्याच प्रतिजैविकाला न जुमानणारा, आणि हा विशिष्ट वाण अमेरिकेत त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. म्हणूनच वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णांचा धागा जुळला. रोजच्या पाहण्यातला जंतू असता तर तिथल्या आरोग्य यंत्रणेला हे रुग्ण एकमेकांशी जोडता आले असते का, याची मला दाट शंका आहे. अमेरिकेच्या एफडीएने जे आक्षेप घेतले त्यांत जंतूंची पुरेशी तपासणी नसणं होतं, पुन्हा पुन्हा उघडायच्या बाटलीत पुरेसं परिरक्षक नसणं होतं, आणि बाटली आधी उघडली गेली आहे का हे दाखवणाऱ्या वेष्टनावर नीट नियंत्रण नसणंही होतं. हे प्रकरण निव्वळ सील गळण्याचं नव्हतं. पण बाटलीची बंदिस्ती हा उत्पादनाचाच भाग आहे, शेवटी चढवायचं झाकण नव्हे, हे त्यातून कुणालाही दिसावं.

याच्याही पन्नास वर्षं आधीचं एक प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. १९७० च्या जुलैपासून १९७१ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांत ३७८ रुग्णांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला. सगळ्यांना शिरेतून ॲबट कंपनीचं सलाइन दिलं गेलं होतं. सलाइन बनवण्याची कृती बदललेली नव्हती. बदललं होतं ते बाटलीच्या फिरकीच्या झाकणाचं आतलं अस्तर. पूर्वीच्या रबरी चकतीच्या जागी कंपनीने कृत्रिम पदार्थाचं नवं अस्तर आणलं, आणि नव्या झाकणाच्या बाटल्या ज्या रुग्णालयात पोचल्या तिथं काही काळातच संसर्ग वाढला. जंतू सापडले ते या अस्तराच्या आणि झाकणाच्या मधल्या जागेत. न उघडलेल्या बाटलीतलं द्रावण तपासलं तर ते सहसा निर्जंतुकच निघे. बाटली हाताळताना, झाकण सैल होऊन पुन्हा घट्ट करताना जंतू आत उतरत. म्हणजे द्रावणाच्या सगळ्या चाचण्या खऱ्या होत्या आणि तरी माणसं आजारी पडत होती. आठ-नऊ महिने हे चालू राहिलं. मार्च १९७१ मध्ये माल परत मागवला गेला आणि साथ ओसरली.

आपल्याकडे औषधाचा दर्जा म्हटला की आतला माल आठवतो, आणि त्याला कारण आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणातला एकेक दुवा उजेडात आणला. त्या आठवणीने महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना औषधात काय आहे हे विचारायला शिकवलं. औषधाभोवती काय आहे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. तो विचारायचा तर पॅकिंगच्या लाइनवर जाऊन उभं राहावं लागेल.

तारापूरला, वाळूजला किंवा गोव्यात वेर्ण्याला गोळ्यांच्या कुठल्याही पॅकिंग विभागात गेलात तर लाइनच्या शेवटी एका टेबलावर जाड काचेचं झाकणबंद भांडं दिसेल. त्याला व्हॅक्यूम पंपाची नळी जोडलेली, आत मिथिलीन ब्ल्यू घातलेलं गडद निळं पाणी. ठरलेल्या वेळाने मशीनवरून काही पट्ट्या उचलतात, तरंगू नयेत म्हणून जाळीखाली दाबून पाण्यात बुडवतात, झाकण लावून पंप सुरू करतात. दाब उतरू लागला की पट्ट्यांच्या कडांना अडकलेल्या हवेचे बुडबुडे सुटतात. ठरलेला दाब आला की अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग हवा पुन्हा आत सोडायची. खरी चाचणी या क्षणाला होते: पट्टीत जिथं फट असेल तिथून आतली हवा मघाशी बाहेर गेलेली असते, आता तिच्या जागी निळं पाणी आत ढकललं जातं. पट्ट्या नळाखाली धुतात, फडक्याने कोरड्या करतात आणि एकेक खळगा फोडून गोळी पाहतात. पांढऱ्या गोळीवर निळा ठिपका दिसला तर मशीन थांबतं. तो दिसला नाही तर सही होते.

ही चाचणी मला तुच्छ वाटत नाही. स्वस्त आहे, शिकायला सोपी आहे, आणि मोठा दोष ती लगेच डोळ्यांसमोर आणते. फॉईलला सुरकुती पडली, गोळीची भुकटी सीलच्या जागेत अडकली, रोलर एका बाजूला थंड पडला, तर निळं पाणी ते सांगतं. मशीन थांबून पुन्हा सुरू झालं की पहिल्या काही पट्ट्यांचं सील कच्चं असू शकतं. त्या बाजूला काढल्या गेल्या की नाही तेही ती सांगते. पण पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टबात फिरवून बुडबुडा शोधतो, त्याच जातीची ही परीक्षा आहे. तिच्यातून छिद्र किती मोठं हे कळत नाही, आणि छिद्र नसल्याचं तर मुळीच सिद्ध होत नाही. पाणी आत शिरेल की नाही हे छिद्राच्या आकाराइतकंच पाण्याच्या पृष्ठताणावर, छिद्राच्या कडांवर, आत किती हवा आहे यावर, दाब किती वेळ ठेवला यावर ठरतं. पाण्याची वाफ आणि हवा यांना अशी अडचण नसते. पाण्याला न जमलेल्या वाटेने त्या सावकाश आत-बाहेर करत राहतात. शिवाय आत शिरलेलं निळं पाणी दिसलंही पाहिजे. गोळी मरून रंगाची किंवा निळी असेल, ॲम्प्यूल तपकिरी काचेचं असेल, रात्रपाळीची शेवटची घटका असेल, तर अगदी पुसट छटा कुणाला दिसेल? इथे सीलइतकीच पाहणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा होते.

अमेरिकेच्या औषधसंहितेने, म्हणजे यूएसपीने, २०१६ साली आपलं १२०७ क्रमांकाचं प्रकरण नव्याने लिहिलं तेव्हा चाचण्यांची विभागणी याच मुद्द्यावर केली. एका बाजूला निळं पाणी, बुडबुडे, जंतूंच्या द्रवात बुडवून पाहणं: निकाल संभाव्यतेवर अवलंबून असलेल्या चाचण्या. दुसऱ्या बाजूला दाब, वायू, वीज यांसारखी राशी थेट मोजणाऱ्या चाचण्या, आणि शक्य तिथे दुसऱ्या बाजूच्या वापराव्यात असा स्पष्ट कल. मला ही विभागणी फार मोलाची वाटते, कारण ‘गळतं की नाही’ या प्रश्नाऐवजी ती ‘किती गळतं’ असं विचारायला लावते. पूर्ण बंद असं काही नसतंच. काच आणि रबर यांच्या मधून, प्लास्टिकच्या भिंतीतून, थोडाफार वायू सतत जातच असतो. त्यातली किती गळती या औषधाला चालेल, हे आधी ठरवायचं आणि मग तेवढी मोजता येईल असं साधन निवडायचं, हा शास्त्राचा क्रम आहे. आपण बहुधा उलट जातो: साधन आहे म्हणून चाचणी करतो आणि चाचणीत उतरलं म्हणून बंद मानतो.

जंतूंसाठी ही मर्यादा कुठून आली याची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोवा विद्यापीठातले ली कर्श आणि त्यांचे सहकारी यांनी काचेच्या कुपींना मुद्दाम अतिसूक्ष्म नळ्या बसवल्या, प्रत्येकीतून हेलियम किती वेगाने सुटतो ते यंत्रावर मोजलं, आणि मग त्याच कुपी जिवाणूंनी दाट भरलेल्या द्रवात बुडवून ठेवल्या. गळती कमी होत गेली तसतसं जंतू आत शिरण्याचं प्रमाण घटत गेलं आणि एका टप्प्याखाली ते जवळपास थांबलं. पुढे यूएसपीने जी मर्यादा घेतली ती सेकंदाला मिलिबार-लिटरच्या दहा लाखांश सहा भाग हेलियम. एवढ्या वेगाने एक मिलिलिटर वायू बाहेर पडायला जवळपास दोन दिवस लागतात. छिद्राच्या भाषेत हे साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉन होतं, तर जिवाणू सहसा अर्ध्या मायक्रॉनहून जाड असतो. निळ्या पाण्याची डोळ्यांनी केलेली चाचणी मात्र दहा-वीस मायक्रॉनचं छिद्रदेखील दर वेळी पकडेलच अशी हमी देता येत नाही. या दोन आकड्यांमधल्या अंतरात कितीतरी जिवाणू बिनदिक्कत ये-जा करू शकतात, आणि आपली सही त्या अंतरावर पडलेली असते.

नमुन्यांचं गणित तर याहून कठोर आहे. इंजेक्शनच्या बॅचची निर्जंतुकता तपासताना नेहमीच्या पद्धतीत वीस कुपी घेतात आणि चौदा दिवस पोषक द्रवात ठेवून काही वाढतं का पाहतात. समजा बॅचमधली दर शंभरातली एक कुपी दूषित आहे. म्हणजे एक लाखाच्या बॅचमध्ये एक हजार. वीस कुपी उचलल्या तर त्या सगळ्या निर्दोष निघण्याची शक्यता ८२ टक्के! हजारात एक दूषित असेल तर हीच शक्यता ९८ टक्के. उलट बाजूने विचारलं, की हजारात एकापेक्षा कमी दोष आहेत हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला किती नमुने निर्दोष निघायला हवेत, तर उत्तर येतं जवळपास तीन हजार. तीन हजार कुपी फोडून बघायच्या. कुठलाही कारखाना हे करणार नाही आणि त्याने करूही नये. फोडून पाहण्याच्या चाचणीला ही हद्द जन्मतःच आहे. नमुने वीसचे चाळीस केले तरी ती फारशी सरकत नाही. म्हणूनच २००८ साली अमेरिकेच्या एफडीएने मार्गदर्शिका काढली, की औषध टिकतं का याच्या दीर्घ अभ्यासात निर्जंतुकतेच्या चाचणीऐवजी वेष्टनाची बंदिस्ती तपासली तरी चालेल. जंतू आत सापडण्याची वाट पाहण्यापेक्षा वाट बंद आहे का हे मोजणं जास्त भरवशाचं, हा त्यातला विचार मला पूर्ण पटतो.

मोजण्याची साधनं आहेत, आणि त्यांत जादू काही नाही. कुपी छोट्या कप्प्यात बंद करायची, कप्प्यातली हवा काढायची, पंप तोडायचा आणि दाब पुन्हा किती चढतो ते बघायचं: कुपी गळत असेल तर आतली हवा किंवा वाफ बाहेर येऊन दाब वाढवते. दुसरी रीत विजेची. द्रव भरलेल्या ॲम्प्यूलभोवती उच्च दाबाची वीज फिरवली की धड काच तिला अडवते, पण केसाएवढी चीर असली तरी प्रवाह उडी मारतो. तिसरी लेझरची: नायट्रोजन भरून किंवा निर्वात करून बंद केलेल्या कुपीच्या मानेतून किरण सोडायचा आणि द्रवाच्या वरच्या जागेत किती ऑक्सिजन आहे ते वाचायचं. या तिन्हींत कुपी फुटत नाही. जी तपासली तीच रुग्णाकडे जाते, आणि लाइनवरची प्रत्येक कुपी तपासता येते. युरोपच्या औषधनिर्मिती नियमावलीचं सुधारित पहिलं परिशिष्ट २०२२ साली आलं आणि ऑगस्ट २०२३ पासून लागू झालं. काच किंवा प्लास्टिक वितळवून बंद केलेल्या प्रत्येक कुपीची, सलाइनच्या पिशवीची शंभर टक्के तपासणी व्हावी, आणि नुसतं डोळ्यांनी पाहणं ही बंदिस्तीची चाचणी मानू नये, असं त्यात आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या आपल्या कारखान्यांना हे पाळावंच लागतं. त्याच आवारात देशातल्या रुग्णांसाठी भरलेल्या कुपीला वेगळा न्याय लावण्याचं एकही कारण मला सापडत नाही.

इथे एक धोका आहे. यंत्र आलं, आकडा आला, की प्रश्न सुटला असं वाटू लागतं. पण आकडा नेमका कशाविरुद्धच्या बंदिस्तीचा, हे विसरलं तर तोही फसवतो. अमेरिकेतल्या एक्झॅक्टेक कंपनीने २०२१ आणि २०२२ मध्ये गुडघा, घोटा आणि खुब्यात बसवायचे प्लास्टिकचे भाग परत मागवले. २००४ पासूनच्या बऱ्याच मालाच्या निर्वात पिशव्यांत ऑक्सिजन अडवणारा एक थर राहून गेला होता. पिशवीचं सील शाबूत होतं, जंतू आत गेले नव्हते. पण पिशवीच्या भिंतीतून ऑक्सिजन सावकाश झिरपत राहिला, आतलं पॉलिइथिलीन रोग्याच्या शरीरात जाण्याआधीच जुनं होत गेलं आणि सांध्यात बसवल्यावर अपेक्षेपेक्षा लवकर झिजू लागलं. माणसांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. जंतूंसाठी बंद असलेली पिशवी ऑक्सिजनला उघडी होती.

तसंच ओलाव्याचं. ॲस्पिरिनची गळकी पट्टी पावसाळाभर कोकणातल्या दुकानात राहिली तर फोडताना शिर्क्याचा वास येतो. ओलाव्याने ॲस्पिरिन फुटून ॲसिटिक आम्ल सुटलेलं असतं. नाक हे सांगतं म्हणून ते निदान कळतं. ॲमॉक्सिसिलिनबरोबरचं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ओलाव्याला त्याहून फार नाजूक आहे, आणि त्याचा ऱ्हास कुणाच्या नाकाला कळत नाही. आंबोलीतला जुलै आणि जैसलमेरचा मे अशा दोन्ही ठिकाणी एकच पट्टी जाणार असेल, तर ती कुठे तपासली याहून कशाला पुरेल हे आधी ठरलेलं असायला हवं.

बंदिस्ती काळावरही अवलंबून असते, हे तर अनेकदा ध्यानातच येत नाही. कुपीच्या तोंडातलं रबरी बूच ॲल्युमिनियमच्या टोपणाने दाबून धरलेलं असतं, आणि दाबलेलं रबर महिन्यामहिन्याने थोडं थोडं सैलावतं. त्याहून विलक्षण प्रकार कडाक्याच्या थंडीत घडतो. उणे ७०-८० अंशांत ठेवायच्या लशी कोरड्या बर्फात पाठवतात. ब्यूटिल रबर उणे ६० च्या आसपास आपली लवचीकता गमावून काचेसारखं ताठ होतं. काच आणि बूच यांच्यात अतिबारीक फट पडू शकते आणि बर्फातून सुटणारा थंड कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. कुपी बाहेर काढली की रबर पुन्हा मऊ पडतं आणि फट मिटते. आत अडकलेला वायू गरम होऊन फुगतो, पण कुपी त्या क्षणी पूर्ण बंद असते! कारखान्यात भरताना बंद, टोचताना बंद, मधल्या प्रवासात उघडी. हे पकडायचं तर वरच्या जागेतला वायूच वाचावा लागतो. गळती शोधणारं यंत्र निर्धास्तपणे ‘ठीक’ सांगेल. पुण्यासारख्या लसनिर्मितीच्या मोठ्या केंद्रात बुचाची निवड हा खरेदी विभागाचा विषय राहू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

शस्त्रक्रियेच्या साधनांच्या पाकिटात आणखी एक गल्लत होते. सील ओढून ते किती जोराने सुटतं हे मोजण्याची चाचणी सर्रास होते आणि तिचा आकडा चांगला आला की सगळे निश्चिंत. पण जोर आणि बंदिस्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घट्ट चिकटलेल्या सीलमधून एखादी बारीक नाळ आरपार गेलेली असू शकते. उलट एकही फट नसलेलं सील इतकं हलकं असू शकतं की घाटात, विमानात, बाहेरचा दाब उतरला की पाकीट फुगून ते उसवावं. आयएसओ ११६०७ या मानकात दोन्ही सिद्ध करायला सांगितलंय ते उगाच नाही.

आता खर्चाचा प्रश्न. लहान कारखानदार म्हणतो, निळ्या पाण्याचं भांडं आणि पंप यांत माझं काम भागतं. लाइनवर लेझरचं किंवा विजेचं यंत्र बसवायचं तर कर्ज काढावं लागेल आणि ते औषधाच्या किमतीतच जाईल. हा आक्षेप खोटा नाही. पॅरासिटामॉलच्या प्रत्येक पट्टीला हेलियम लावा असं कुणी म्हणू लागला तर त्याला मीच विरोध करीन. ओलाव्याला न घाबरणारी तोंडाने घ्यायची गोळी आणि थेट रक्तात जाणारं द्रावण यांना एकच माप लावणं हा शहाणपणा नाही. पण मग माप औषधाच्या जोखमीनुसार ठरावं, कारखान्याच्या आकारानुसार नाही. शिरेत, पाठीच्या कण्यात, डोळ्यात जाणारं औषध ज्याला बनवायचं आहे त्याने ते मोजूनच बंद करावं. ऐपत नसेल तर ते औषध बनवू नये. हे वाक्य कठोर आहे याची मला जाणीव आहे. अशा कारखान्यांवर कितीतरी कुटुंबं अवलंबून असतात. तरीही रुग्णाला कुपी कुठल्या आकाराच्या कारखान्यातून आली हे माहीत नसतं, आणि जोखीम पूर्ण त्याची असते.

आणि सगळं यंत्राच्याच दारी येऊन थांबतं असंही नाही. सील कसं होईल ते तीन गोष्टींवर ठरतं: उष्णता, दाब आणि रोलरखाली फॉईल किती क्षण राहिलं. लाइनचा वेग वाढवला की तिसरी गोष्ट आपोआप घटते, आणि महिनाअखेरीला लाइनचा वेग कुठल्या दिशेने जातो हे पॅकिंगमधल्या कुणालाही ठाऊक आहे. या तिन्हींच्या मर्यादा प्रयोगाने ठरवून त्यांच्याबाहेर मशीन चालणारच नाही अशी व्यवस्था करणं लहान कारखान्यालाही परवडतं. रोलरचं तापमान पट्टीभर सारखं आहे का हे आठवड्याला तपासणं परवडतं. मुद्दाम ठरावीक आकाराचं छिद्र पाडलेल्या पट्ट्या पाळीत मिसळून, आपल्या माणसांना आणि आपल्या निळ्या पाण्याला कितपत दिसतं, हे जाणून घेणं तर जवळपास फुकट आहे. मोठमोठे कारखानेसुद्धा हे शेवटचं काम टाळतात, कारण त्याचं उत्तर कागदावर लिहावं लागतं.

सरकारी बाजूलाही एक सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणित दर्जात न उतरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. कारणाच्या रकान्यात बहुधा लिहिलेलं असतं: औषधाचं प्रमाण कमी, विरघळण्याची चाचणी नापास, गोळीचं स्वरूप बिघडलेलं. ही कारणं आतल्या मालाची आहेत. माल कारखान्यातूनच कमी निघाला, की चांगला निघून पट्टीतल्या फटीने वर्षभरात खराब झाला, हे त्या रकान्यातून कळत नाही. आणि दोन्हींचा उपाय अगदी वेगळा आहे. पहिल्यात चौकशी मिश्रणाच्या खोलीत व्हायला हवी, दुसऱ्यात रोलरजवळ. विश्लेषकाकडे त्याच बॅचच्या न फोडलेल्या पट्ट्या असतील तर आधी त्यांची गळती मोजावी आणि मग खळगे फोडावेत, एवढा क्रम ठरवून दिला तरी दोन-तीन वर्षांत आपल्याला या देशातल्या वेष्टनांबद्दल आज नाही इतकी माहिती मिळेल. औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम सांगणाऱ्या शेड्यूल एमची सुधारणा डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली, कारखान्यांना बदलायला मुदती मिळाल्या, त्या वाढवूनही मिळाल्या. या काळात सगळी चर्चा झाली ती हवेच्या यंत्रणांची, भिंतींची, फरशीची. कुपीच्या मानेबद्दल त्यात फार कमी ऐकू आलं.

कारखान्यांकडे तर याहून मोठा साठा पडून आहे. प्रत्येक बॅचचे राखीव नमुने मुदत संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ सांभाळावे लागतात. तक्रार आली तरच ते उघडले जातात, एरवी कपाटात राहून नष्ट होतात. न फोडता मोजण्याचं साधन हाताशी असेल तर मुदत संपलेल्या या कुपी आणि पट्ट्या नष्ट करण्याआधी एकदा मोजून घ्याव्यात, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी सही करताना लिहिलेल्या निकालाशेजारी तो आकडा लिहावा. यंत्र ज्याच्याकडे नाही त्या लहान कारखान्यांना एखाद्या औद्योगिक वसाहतीत मिळून एक यंत्र घेता येईल. हे काम लाइनच्या वेगाने करायचं नसल्याने ते एकच यंत्र दहा जणांना पुरेल.